मिस पेट्रींचं फाटक

ही गोष्ट १९५८ सालची. त्या वर्षी स्कॉटलंडच्या अँगस परगण्यात ऑक्टोबरभर पाऊस लागून राहिला, बटाटे चिखलात रुतून बसले आणि शाळेची बटाट्याची सुट्टी आठवडाभर वाढली. सुट्टी म्हणायची ती आपली नावाची. ड्रमफॅलो गावची सगळी पोरं सकाळी साडेसातला ट्रॅक्टरमागच्या गाडीत चढायची आणि चार वाजेपर्यंत वाकून बटाटे वेचायची. बारा वर्षांच्या एल्स्पेथ गेडिसची कंबर अशी काही धरली होती की रात्री पायमोजे काढायलाही तिला धाकट्या भावाची, डॉडची, मदत लागे.

डॉड नऊ वर्षांचा. बोलताना तो अडखळायचा. एकेका शब्दाशी झटापट करायचा, मग दमून गप्प बसायचा. पण गेल्या हॅलोविनला, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, गोणपाटाचा मुखवटा चढवून तो बहिणीबरोबर दारोदार फिरला आणि दारात उभं राहून त्यानं दोन ओळी म्हटल्या, त्या अगदी सरळ, कुठंही न अडता. मुखवट्याआड त्याची जीभ मोकळी व्हायची. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. यंदा त्यानं आजोबांनी रचलेलं, डंडी शहर बघायला निघालेल्या कोंबडीचं अख्खं बारा कडव्यांचं गाणं पाठ केलं होतं. महिनाभर चहाच्या सुट्टीत तो गाडीखाली जाऊन बसे, तोंडावर गोणपाट ओढी आणि कोंबडीला डंडीला नेऊन परत आणी.

आणि यंदा नेमकं गावानं ठरवलं, की सोंगं घेऊन दारोदार जायचं नाही.

कारण होतं एकट्या राहणाऱ्या जुन्या शाळाबाई मिस पेट्री यांचं फाटक. गेल्या हॅलोविनच्या रात्री ते नाहीसं झालं, पहाटे मेंढ्या आत शिरल्या आणि त्यांनी बाईंचे कोबीचे वाफे साफ केले. हॅलोविनला फाटकं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची, ही गावातल्या टारगटांची जुनीच खोड. त्यामुळे एक नोव्हेंबरला फाटक दिसलं नाही की ते सोंगाड्यांनी पळवलं, याबद्दल कुणी दुसरा विचारच करत नसे. सगळ्यांत मोठा आवाज शेतावरच्या लॉरिमर मुकादमांचा. ते चर्चच्या पंचांपैकी एक. त्यांनी सभा बोलावली. नव्या डॉक्टरांच्या इंग्रज बायकोनं सांगितलं की आमच्याकडे याला भीक मागणं म्हणतात. पाद्री म्हणाले, भुताखेतांचे चाळे हवेत कशाला. एल्स्पेथची आई उठून म्हणाली, "आमची पोरं आधी गाणं म्हणतात, मग सफरचंद घेतात. भिकारी कधी आधी गातो का?" पण दिवसभर शेतात राबलेल्या बाईचं कोण ऐकतो. ठरलं असं, की हॅलोविनच्या दिवशी, शुक्रवारी, सहा वाजता सभागृहात सगळ्या मुलांना खाऊ मिळेल आणि मुकादमांनी निवडलेली सहा मुलं गातील.

डॉड त्या सहांत नव्हता. "त्याला फार वेळ लागतो," असं मुकादम म्हणाले होते, आणि तेही डॉडसमोर. त्या दिवसापासून तो गाडीखाली जाऊन बसेनासा झाला.

मंगळवारी वेचणीच्या टोपल्या कमी पडल्या. मुकादमांनी एल्स्पेथ, तिची मैत्रीण नेट्टा बर्नी आणि उंचाड्या वॅटी टॉश यांना गाडीखान्यात पिटाळलं. मागच्या भिंतीशी जुन्या, मोडक्या टोपल्यांची चळत होती, ती सगळी आणायची होती.

"मोडक्या टोपल्यांना मोडकी माणसं," वॅटी कुरकुरला. "मला खांदा राहिलेला नाही."

"तुला डोकंही नाही, त्याची कधी तक्रार केलीस?" नेट्टा म्हणाली.

शेवटची चळत ओढली आणि तिघंही थांबली. भिंतीला टेकून एक हिरवं फाटक उभं होतं. त्याच्यावर वर्षाची धूळ होती, आणि वरच्या पट्टीवर खडूनं ठळक अक्षरात लिहिलं होतं: पेट्री.

एल्स्पेथला आनंद झाला नाही. तिला फक्त वाटलं, झालं, आता आणखी एक काम. तिनं एक टोपली उलटी केली आणि त्यावर बसली.

वॅटीचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता ओरडून सगळ्यांना बोलवावं. नेट्टा म्हणाली, मग काय, पोरांनीच इथे आणून लपवलं म्हणतील, महिनाभर आपण रोज इथेच तर आहोत. एल्स्पेथ खडूच्या अक्षरांकडे बघत होती. पहिल्या अक्षराला लांब शेपटी होती. बाहेर बटाट्याच्या पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं लिहिलेली होती, तीही खडूनं आणि अशाच शेपट्यांची. पोत्यांवर लिहायचं काम एकच माणूस करायचा.

"मुकादम?" वॅटी म्हणाला. "चोर मुकादम?"

"चोर आपल्या चोरीवर मालकाचं नाव लिहीत नाही," एल्स्पेथ म्हणाली. तिघांनी टोपल्या उचलल्या आणि तोंड मिटून कामाला लागली.

संध्याकाळी पाय ओढत घरी जाताना एल्स्पेथ डॉडला घेऊन मिसेस किड यांच्याकडे थांबली. मिसेस किड विधवा, एकट्या राहायच्या, मिस पेट्रींच्या शेजारीच. गेल्या साली तुमचंही फाटक गेलं होतं का, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. छे, त्या म्हणाल्या, लॉरिमर भला माणूस, हॅलोविनच्या दुपारीच येऊन एकट्या बायकांची फाटकं तो काढून नेतो, लपवून ठेवतो आणि सकाळी परत बसवून देतो. किती बायकांची? सहा. त्यांनी आपलं फाटक आतून दाखवलं. खडूची पुसट खूण अजून होती: किड. मग त्यांना आठवलं, की त्या सकाळी त्यांचं फाटक बसवता बसवता मुकादमांना निरोप आला, गाय अडली आहे, आणि ते हातोडी तिथेच टाकून पळाले.

म्हणजे सहा नेली, पाच परत आणली. मिस पेट्री त्या दुपारी बाहेरगावी गेल्या होत्या, म्हणून त्यांना काही कळलंच नव्हतं. पोरांपासून वाचवायला म्हणून लपवलेलं फाटक मुकादम विसरले आणि आळ पोरांवर आला. त्या दिवशी संध्याकाळी ते गोठ्यातून दमून बाहेर आले तेव्हा 'फाटक पळवलं' अशी ओरड आधीच झालेली होती. आपण सगळी परत केली, अशीच त्यांची समजूत.

गाडीखाली चौघांची बैठक बसली. शुक्रवारी साडेपाचला मुकादम मिस पेट्रींना सभागृहात न्यायला त्यांच्या घरी जाणार होते, कारण गाण्यांची परीक्षक त्याच. वॅटीला फाटक तिथे नेऊन दाणकन आपटायचं होतं.

"आ... आधी गाणं," डॉड म्हणाला.

"अरे, कोंबडी कुठं पळून जाते?" वॅटी म्हणाला. "आधी फाटक."

डॉडला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. सगळे थांबले. "फ... फाटक बघितल्यावर... को... कोंबडीकडे कोण बघेल?"

मग तसंच ठरलं.

शुक्रवारी चारला शेवटची सरी संपली. बाकी पोरं घरी जाऊन आडवी झाली. या चौघांनी फाटकावर पोती टाकली, ते ढकलगाडीवर घातलं आणि मागच्या गल्लीनं निघाली. गाडी चिखलात दोनदा रुतली. एल्स्पेथला वाटलं, इथेच कुंपणाशी बसावं आणि उद्या सकाळी उठावं. पण पुढे डॉड चालला होता, गोणपाट डोक्यावर तयार ठेवून.

मिस पेट्रींच्या दारात चौघांनी मुखवटे ओढले. दार मुकादमांनी उघडलं.

"सोंगं? सभा झाली तेव्हा झोपला होतात काय? चला, सभागृहात व्हा."

"जेम्स," आतून आवाज आला. मिस पेट्रींनी मुकादमांना पाच वर्षं शाळेत शिकवलं होतं. "दारात सोंग उभं राहिलं की आधी ऐकायचं असतं. बंदी मलाही ठाऊक आहे. पण रीत बंदीपेक्षा जुनी आहे. सरक बाजूला."

मुकादम सरकले. डॉड उंबऱ्यापाशी आला. एल्स्पेथनं त्याच्या मागे डोळे मिटून घेतले.

कोंबडीनं टोपी घातली, शेजारणीचा निरोप घेतला आणि ती डंडीला निघाली. पहिलं कडवं सरळ गेलं, दुसरंही. पाचव्यात कोंबडी तिकीट तपासणाऱ्याशी भांडली, तेव्हा मिस पेट्री हसल्या. आठव्यात मुकादमही. बारावं कडवं संपलं तेव्हा एल्स्पेथच्या लक्षात आलं, की तो एकदाही अडला नव्हता.

आता रीतीप्रमाणे मुखवट्याआडचं पोर ओळखायची पाळी घरच्यांची. मिस पेट्रींनी बुटांवरून वॅटीला ओळखलं, हातांवरून नेट्टाला आणि खोकल्यावरून एल्स्पेथला. चौथ्यापाशी त्या थांबल्या. बेकरीवाल्याचा धाकटा? नाही. पाद्र्यांचा भाचा? नाही. मुकादमांनीही तीन नावं घेतली. "इतकं स्वच्छ बोलणारं पोर या गावात कोण आहे?" मिस पेट्री म्हणाल्या. "हरले मी. सांग, कोण तू?"

त्यानं गोणपाट काढलं. काजळीनं माखलेला, घामेजलेला चेहरा.

"ड... ड... डॉड."

मुकादमांची नजर आपल्या बुटांवर गेली. मिस पेट्रींनी विचारलं, "तू जिंकलास. काय हवं तुला?" डॉडनं नुसतं मागे बोट दाखवलं. वॅटीनं पोती ओढली.

मुकादम कंदील घेऊन वाकले. आपलं अक्षर त्यांनी वाचलं, मग बोटांवर सहा नावं मोजली, मग पुन्हा मोजली. हळूहळू ते पायरीवर बसले आणि त्यांनी टोपी काढली.

"मीच आणलं होतं," ते म्हणाले. "आणि वर्षभर या पोरांच्या नावानं मीच शंख केला. बाई, चूक माझी. पोरांनो, माफ करा मला."

"हे सभागृहात सांगायचं, जेम्स. उभा राहून," मिस पेट्री म्हणाल्या. मग चौघांकडे वळून त्यांनी सांगितलं, की चाळीस वर्षं शिकवलं, पण इतका नीट तपास आणि इतकी नीट वागणूक एकाच दारात क्वचित पाहिली. "बंदीचं मी बघते. तुम्ही पुढच्या दाराला जा."

मुकादमांनी सांगितलं, उभं राहूनच. सभागृहातली पोरं खाऊ खिशात कोंबून गावभर पांगली. डॉक्टरांच्या बायकोनं मात्र दार उघडलं नाही, पडद्याआडून हातानंच जा म्हणून खुणावलं. एका संध्याकाळीत सगळ्यांची मतं थोडीच बदलतात. एल्स्पेथच्या पायांत गोळे आले होते. प्रत्येक घरानंतर ती म्हणायची, आता पुरे, आणि डॉड म्हणायचा, एक राहिलंय. त्या संध्याकाळी अकरा दारं झाली. अकरांपैकी एकाही दारात डॉडला कुणी ओळखलं नाही.

मिस पेट्री त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात गेल्या. लॉरिमर मुकादमांनी फाटकं लपवायचं सोडलं नाही, पण पुढे वॅटीला बरोबर न्यायचे आणि परत बसवताना मोठ्यानं मोजायला लावायचे. वॅटी नंतर कॅनडाला गेला आणि तिकडेच राहिला. नेट्टानं फॉरफर गावात बेकरी घातली, तिच्या जिभेची धार तिथल्या गिऱ्हाइकांना सोसावी लागली. डॉक्टरांच्या बायकोनं दार शेवटपर्यंत उघडलं नाही, मात्र पुढे पुढे पायरीवर सफरचंदांची टोपली ठेवू लागली. एल्स्पेथ डंडीच्या इस्पितळात पस्तीस वर्षं परिचारिका होती. आता ती ड्रमफॅलोलाच असते, आणि दाराची घंटा वाजली की खुर्चीतून उठायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागतो. हल्लीची मुलं गाणं न म्हणताच पिशवी पुढे करतात. ती त्यांना विचारते, सोंग कुठाय? काही हसतात, काही खरंच काहीतरी म्हणून दाखवतात.

डॉड ट्रक चालवायचा. तो जन्मभर अडखळतच बोलला आणि गेल्या वर्षी गेला. हॅलोविनला त्याच्या दारात कुणी आलं, की सोंग कितीही लांबलेलं, कितीही चुकलेलं असो, तो चौकट धरून उभा राहून शेवटपर्यंत ऐकायचा. आतून बायको हाक मारायची, सूप निवलं म्हणून. तो हात वर करून तिला थांबवायचा.