नुसते डोळे मिटलेत

त्या पुस्तकाला दोन हात एकाच वेळी लागले. एक माझा. दुसऱ्या हाताच्या स्वेटरची बाही मनगटाशी उसवलेली होती.

बाहेर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सॉल्टबर्नची नेहमीची भुरभुर चालू होती आणि जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात ओल्या लोकरीचा वास भरला होता. टीव्हीवरच्या कार्यक्रमांचे जुने नाताळ-अंक फळीवर मांडलेले, आणि त्यात मुलांच्या कार्यक्रमातल्या बॅझिल ट्रेंथमचा हा एकच उरलेला. मुखपृष्ठावर पिवळ्या स्वेटरमधला बॅझिल, आणि त्याच्या हातावर टपेन्स, त्याचा घुबड-बाहुला.

"तुम्ही घ्या," उसवलेली बाही म्हणाली.

"नाही नाही, तुम्ही घ्या."

"तुमचा हात आधी होता."

"खरं म्हणजे तुमचाच होता."

आमच्याकडे अशा नम्रतेत अख्खी दुपार जाऊ शकते. पण मला घाई होती, आणि घाईत मी तोंडाला येईल ते बोलते. "मला गुरुवारच्या कार्यक्रमासाठी याचा फोटो हवाय. बिचारा बॅझिल वारला ना."

त्यानं पुस्तकावरचा हात काढला नाही. "वारला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" माझेच डोळे भरून आले. "पाच-सहा वर्षं झाली. हृदयविकार."

"फार त्रास झाला का?"

"झोपेतच गेला म्हणतात."

"चला, तेवढं तरी बरं झालं." त्याचे डोळे करडे होते आणि ते जरा जास्तच रोखून बघत होते. "पुस्तक तुम्हीच न्या. पण एक अट. गुरुवारी मलाही बोलवा."

त्याचं नाव डंकन. आडनाव त्यानं सांगितलं नाही, आणि मी हेस्टर, काळजी करण्यात शहरात पहिली, नेमकं तेवढंच विचारायला विसरले.

मी वाचनालयात काम करते. दर गुरुवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही म्हाताऱ्या मंडळींना जुन्या टीव्हीवरचे चेहरे दाखवतो. बातम्या देणारे, कोडी घालणारे, एका मालिकेत तीन वर्षं शेजारी म्हणून दार वाजवणारे. नाव कुणालाच पटकन आठवत नाही, मग चहा आणि लिंबाचा केक, मग भांडणं, मग नाव. शेवटी गेलेल्यांची यादी वाचायची आणि सगळ्यांनी उठून मिनिटभर स्तब्ध राहायचं. यादीतल्या प्रत्येकाची मी खात्री करून घेते. पण चार आजीबाईंनी बॅझिल गेल्याचं शपथेवर सांगितलं आणि मी शोधलंच नाही. त्याच्या नावापुढची तारीख मला बघायचीच नव्हती. आणि आमच्याकडे माणूस दहा वर्षं टीव्हीवर दिसला नाही, की तो गेलाच असं लोक धरून चालतात.

डंकन सोमवारी वाचनालयात फोटो चिकटवायला आला. मंगळवारीही आला. बुधवारी चिकटवायला जेमतेम दोन फोटो उरले होते, तरी आला.

"ही कोण गं?" त्यानं एक फोटो उचलला.

"हवामान सांगायची. ती मोठी कानातली बघ ना."

"हो... पाऊस येणार हे इतकं गोड हसून सांगायची, की छत्री न्यावीशीच वाटायची नाही."

"प्रेमात होतास वाटतं तिच्या?"

"मी जन्मलोही नव्हतो. आजोबा होते. तू कुणाच्या होतीस?"

"बॅझिलच्या." बोलून गेले आणि कान तापले. "आजीकडे टेप होत्या. कार्यक्रमाच्या शेवटी टपेन्स पेंगायचा. मग बॅझिल विचारायचा, झोपलास? आणि तो म्हणायचा..."

"छे, नुसते डोळे मिटलेत."

"मीही हेच म्हणायचे, आजी दिवा मालवायला आली की. ती गेली त्या सकाळीसुद्धा मला वाटलं, आता ती हेच म्हणणार..."

गोंदानं चिकट झालेलं माझं बोट डंकननं हळूच रुमालानं पुसलं आणि पुसून झाल्यावरही सोडलं नाही. मला तो आवडला होता, हे मला तिथेच कळलं. आणि कळल्याबरोबर काळजी सुरू झाली. याचं कुणी असेल का? बॅझिलचं नाव निघालं की हा गालात का हसतो?

"उद्या आजोबांना आणतोय," निघताना तो म्हणाला. "आजी गेल्यापासून दोन वर्षं घराबाहेर पडलेले नाहीत. मला आता कोण ओळखतं, म्हणतात. पण हेस्टर... उद्या काही बिनसलं ना, तर पुन्हा कधीच पडायचे नाहीत."

"काही बिनसणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता हॉलच्या दारात एक खोकं होतं. टेबलावर मांडायला आजोबांची वस्तू, असं डंकननं वर लिहिलेलं. आत पिवळा स्वेटर. घडीत चिठ्ठी, थरथरत्या अक्षरात, आजच्याच तारखेची: "चार वाजता परत द्यावा. मला थंडी वाजते. बॅझिल ट्रेंथम."

मी खुर्चीवर बसले. बॅझिल जिवंत होता. माझं बालपण जिवंत होतं, त्याचा आनंद व्हायला हवा होता... पण चाळीस छापील पत्रकांवर, काळ्या चौकटीत, शेवटचं नाव त्याचं होतं. दोन वर्षांनी घराबाहेर पडलेल्या माणसाला मी त्याच्याच श्रद्धांजलीला बसवणार होते. आणि डंकन? तो पुन्हा माझं तोंड बघेल कशाला?

मी कात्री घेतली. एकेक पत्रक खालून कापलं. एकोणचाळीस झाली. चाळिसावं मिसेस ओल्डरॉइड कालच घेऊन गेल्या होत्या, कारण यादी त्या वाचतात. ऐंशी पार केलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका. फोन उचलत नाहीत आणि नेमक्या वेळेलाच येतात.

आल्या तशी मी त्यांना दारातच गाठलं. "बाई, शेवटचं नाव तेवढं वाचू नका."

"का बरं?"

"चूक झालीये..."

"पोरी, मी चाळीस वर्षं हजेरी घेतली. एक नाव कधी गाळलं नाही."

"पण बाई, तो माणूस..." आणि वाक्य तिथंच राहिलं. दारातून डंकन आत येत होता आणि त्याच्या हाताला धरून एक छोटासा म्हातारा. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण भुवया त्याच. हॉलमध्ये कुणीही ओळखलं नाही. सगळ्यांचं लक्ष केककडे होतं.

"डंकन, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"मलाही," तो म्हणाला. "पण नंतर."

तो तास कसा गेला ते मलाच माहीत. चेहरे दाखवले, नावं निघाली, हवामानवाल्या बाईवरून दोन आजोबांची जुंपली. बॅझिल तिसऱ्या रांगेत मांडीवर टोपी ठेवून बसला होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. मिसेस ओल्डरॉइड उठल्या, चष्मा लावला, एकेक नाव वाचत खाली आल्या.

"आणि बॅझिल ट्रेंथम."

पहिल्या रांगेतून कुणीतरी हुंदका दिला. सगळे उभे राहिले. बॅझिलही राहिला, डंकनचा हात धरून, मान खाली घालून. तो एक मिनिट संपेचना. मी मनात त्याची माफी मागत होते, शब्द जुळवत होते, विसरत होते.

मग तिसऱ्या रांगेतून एक चिरका, पेंगुळलेला आवाज आला. टपेन्सचा.

"बॅझिल... झोपलास?"

कुणी हललं नाही. आणि त्याच म्हाताऱ्यानं, आता आपल्या आवाजात, उत्तर दिलं, "छे. नुसते डोळे मिटलेत."

आधी मिसेस ओल्डरॉइडच्या हातातलं पत्रक गळून पडलं. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं, आणि सगळे एकदम त्याच्याभोवती जमा झाले. शपथ घेणाऱ्या चारही आजीबाई सर्वांत पुढे होत्या. "तुम्ही गेलात म्हणून मी आठवडाभर जेवले नव्हते," एक म्हणाली. "मग आता केक घ्या," बॅझिल म्हणाला.

मी बाहेर पळाले. समुद्राकडच्या कठड्याशी डंकननं मला गाठलं.

"मला माफ कर," मी म्हटलं. "मी कापलं होतं रे नाव... एकच पत्रक राहिलं."

"कापलंस कशाला? ते त्यासाठीच तर आले."

"कशासाठी? स्वतःच्याच श्रद्धांजलीसाठी?"

"दोन वर्षं मी त्यांना सांगतोय, लोक तुम्हाला विसरलेले नाहीत. ऐकायचे नाहीत. त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं, दुकानात एक मुलगी भेटली, तुम्ही गेलात हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मग म्हणाले, आपल्यासाठी लोक उभे राहणार असतील, तर आपण घरी बसणं बरं दिसत नाही."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? आणि मी सकाळपासून अर्धी मेले..."

"हो. चुकलंच माझं." त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "तू रागावशील म्हणून रोज सांगायचं टाळत होतो. तू बोलायची थांबलीस तर... ही भीती आजोबांच्या काळजीपेक्षा मोठी झाली होती. हेस्टर, मला तू फार आवडतेस."

भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. माझं काळीज अजून धडधडत होतं, पण आता घाबरून नव्हे. मी त्याची उसवलेली बाही घट्ट धरली आणि डोळे मिटून तोंड वर केलं.

"झोपलीस?" त्यानं अगदी जवळून विचारलं.