करपलेली लोकर

डोलिना मॅकफीच्या नाकाबद्दल स्कॉटलंडच्या आयला बेटावर बरंच काही बोललं जायचं. ती कुणाच्या घरी पाय ठेवते न ठेवते तोच तिला तिथे काल काय शिजलं होतं ते कळतं, म्हणून शेजारणी तिला बोलावण्याआधी खिडक्या उघडून ठेवतात, असं म्हणत. यातलं खिडक्यांचं खोटं होतं. त्या वाऱ्यात बेटावर कुणी खिडकी उघडत नसे. नाकाचं मात्र खरं होतं. पोर्ट लीना गावच्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीत कुठलं पिंप बाटलीत भरायला तयार झालं आणि कुठलं अजून निजू द्यायचं, हे तेच नाक ठरवायचं. त्यापायी कांदा सुटला, अत्तर सुटलं, साबणसुद्धा बिनवासाचा आला. नवऱ्याने एकदा हौसेने गुलाब आणले तेव्हा तिने ते बाहेर पायरीवर ठेवले. तो बिचारा पायरीवर बसून ते बघत राहिला होता.

डिस्टिलरी दोन तऱ्हांची व्हिस्की करायची. एक धुराची. तिचे जव पीटवर, म्हणजे दलदलीतून विटांसारख्या कापून काढलेल्या जळाऊ मातीच्या धुरावर वाळवायचे. तिला डांबराचा, खाऱ्या दोरखंडाचा, दवाखान्यातल्या आयोडिनचा वास. दुसरी बिनधुराची. ती शेरी नावाची वाईन मुरलेल्या स्पॅनिश पिंपांत पडून राहायची आणि मनुका, अक्रोड, संत्र्याची साल असलं काय काय अंगात मुरवायची. गावात यावरून तट होते. धूरवाले शेरीवाल्यांना ‘केक खाणारे’ म्हणत, शेरीवाले धूरवाल्यांना ‘डांबर पिणारे’, आणि लग्नात दोघेही समोर येईल ते पीत.

त्या सप्टेंबरात डोलिनाला या दोन्हींतली एकेक निवडून जोडी लावायची होती. जोडी टॉरकिलच्या नावाने निघणार होती.

टॉरकिल जव वाळवायच्या भट्टीवर होता. मागच्या वर्षी काम करता करताच गेला. डिस्टिलरीत अशी रीत होती की कामावरचा माणूस गेला, की वर्ष सरल्यावर त्याच्या नावाची व्हिस्की काढायची, आणि ती पक्की करायला घरच्या माणसाने येऊन वास घ्यायचा. घरचं माणूस म्हणजे त्याची बायको एफी. एफी बाटल्यांवर लेबलं चिकटवायच्या खात्यात होती, आणि शाळेपासून डोलिनाची मैत्रीण होती.

सोमवारी डोलिनाने दोन्ही पिंपांचे नमुने निळ्या पेल्यांत ओतले. रंग दिसला की नाक फसतं, म्हणून पेले निळे. पाण्याचे थेंब टाकले. आधी शेरी, मग धूर, असाच क्रम. धुराने एकदा नाकाचा ताबा घेतला की ते तासभर कुणाचं ऐकत नाही.

शेरीच्या पेल्यात मनुका होत्या. अक्रोड होते. त्याखाली ओल्या लोकरीचा वास होता.

तिने पेला खाली ठेवला. स्वतःचा स्वेटर हुंगला. कोरडा होता. पेला धुतला, दुसऱ्यात ओतून पाहिलं. पावसातून आलेल्या माणसाच्या अंगावरची लोकर असावी, तसा वास तिथेच होता.

“हेक्टर, या पिंपात काही गडबड आहे का? जरा बघता?”

हेक्टर गिलीज तिचा वरिष्ठ. सत्तरीचा, आणि निवृत्तीचा विषय काढला की ऐकू न येणारा. त्याने पेला नाकाशी धरला, डोळे मिटले.

“मनुका. जुनं कपाट. संत्रं. यात गडबड कसली? तुला सर्दी झालीय.”

“मला सर्दी होत नाही.”

“हो, विसरलोच. तुझं नाक म्हणजे राणीसरकारच.”

“याच्यात धुराच्या व्हिस्कीचं काही मिसळलं असेल का? आधीच्या खेपेचं भांड्यात राहिलेलं?”

“अगं बाई, भांडी घासून पुसून लख्ख केल्यावरची ती पहिली खेप. आणि पिंप भरलं तेव्हा तुझा माझा केस काळा होता. उगाच भुतं काढू नकोस.”

डोलिनाने मग धुराची घेतली. लख्ख, खारी, सरळ. तिच्यात लोकरीचा मागमूस नव्हता.

आणि ते जास्त वाईट होतं. कारण लोकर असायला हवी होती ती हिच्यात. जगभरचे लोक या व्हिस्कीत लोकर हुंगत होते, आणि ती तिथे डोलिनानेच घातली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. वासाच्या खोलीत हेक्टर, डोलिना आणि ग्लासगोहून आलेला एक खरेदीदार धुराच्या व्हिस्कीवर बसले होते. त्या खोलीचा एकच नियम. सगळ्यांचे पेले खाली ठेवून होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. एकजण ‘जर्दाळू’ म्हणाला की उरलेल्यांनाही जर्दाळूच येतो. हेक्टर हा नियम देवळातल्यासारखा पाळायचा. एकदा त्याने शिंकलेल्या माणसाला बाहेर काढलं होतं.

तर त्या शांततेत डोलिनाच्या नाकाला करपलेली लोकर लागली. आणि त्याखाली काहीतरी गोडसर. ती चरकली नाही. खूश झाली. हे दुसऱ्या कुणाला सापडायचं नाही, असं तिला वाटलं. खोलीच्या खालीच भट्टीचं अंगण. तिथून धूर तर रोजच यायचा. धुराच्या घरात धुराला कोण विचारतो? तिने सावकाश, चवीने वास घेतला. पुन्हा घेतला. वाट पाहिली. हेक्टरचा पेला खाली गेला, पाहुण्याचा गेला, तेव्हा ती म्हणाली, “करपलेली लोकर. किंचित गोड.” पाहुण्याने घाईने पुन्हा पेला उचलला आणि म्हणाला, “वा! आहे, आहे! बाई, कमाल आहे तुमची!” हेक्टरलाही सापडली. तिघे हसले.

मग खालून कुणीतरी ओरडलं.

टॉरकिलला भट्टीच्या तोंडाशी भोवळ आली होती, स्वेटरची बाही आत गेली होती. तो अंगणात, वासाच्या खोलीच्या जिन्याखाली पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी कुणी पोचलं असतं तर वाचला असता. सगळे म्हणाले, कुणाला कळणार होतं?

‘करपलेली लोकर, किंचित गोड’ हे शब्द लेबलावर छापले गेले. व्हिस्कीला बक्षीस मिळालं. लेबलं एफीने चिकटवली. “तुला असलं सुचतं तरी कसं गं?” असं तिने विचारलं होतं. कौतुकाने.

डोलिनाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. रविवारी चर्चमध्ये एफीशेजारी बसायची, एफी तिच्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवायची, आणि डोलिना ती खिशात टाकायची. कोटाचा खिसा गोळ्यांनी जड झाला होता.

मंगळवारी तिने स्वतः गोदामात जाऊन पिंपातून नवा नमुना काढला. लोकर होती, आणि आता ती ओली नव्हती. शेगडीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाची सुकत आलेली, उबदार लोकर. सोबत मेंढीच्या चरबीच्या साबणाचा वास. एफी घरी तो साबण करायची.

बुधवारी लोकर तापली होती.

डोलिनाला लहानपणी इस्त्री करताना आई सांगायची तो वास. अजून जळलेलं काही नाही, पण उचल, उचल आता. तिने पेला इतक्या जोरात खाली ठेवला की पेल्याचा दांडा तडकला. दोन्ही हात टेबलावर टेकून ती उभी राहिली. खिडकीतून भट्टीचं अंगण दिसत होतं. दुपारच्या उन्हात रिकामं. भट्टीवरचा नवा माणूस दारात सँडविच खात होता, आणि एक मांजर त्याच्याकडे आशेने बघत होतं.

हा वास पुढे सरकत होता. उद्या तो कुठे पोचणार, हे तिला माहीत होतं. आणि उद्या एफी येणार होती.

रात्रभर विचार करून ती एका गोष्टीवर आली. सांगायचं. एफीने तो पेला नाकाशी धरायच्या आत सांगायचं. मग ती तोंडावर थुंकली तरी चालेल.

गुरुवारी दुपारी एफी चांगला निळा कोट घालून आली. केस विंचरलेले. हातात घरचा केक.

“हा बाहेर ठेव,” हेक्टर म्हणाला.

“केकने काय बिघडतंय तुमचं?”

“नाक बिघडतं.”

“टॉरकिल म्हणायचा ते खरंच की. वरचे लोक नुसतं हुंगतात, गिळत काहीच नाहीत. एवढी चांगली दारू थुंकायची म्हणजे पाप आहे.” ती हसली आणि केक बाहेर ठेवून आली. “कुठे बसू गं डॉली? मी कधी वर आलेच नाही बघ, इतकी वर्षं इथे असून.”

“एफी, त्याआधी मला तुझ्याशी—”

“बसा, बसा,” हेक्टर म्हणाला. “पेले ओतलेत, वास उडून जाईल. आता कुणी बोलायचं नाही. तुझं झालं की पेला खाली ठेव. बास.”

एफीने शाळेतल्यासारखी मान डोलावली आणि शेरीचा पेला उचलला.

डोलिनाने आपला उचलला. नाकाशी न्यायची गरज पडली नाही. करपलेली लोकर. किंचित गोड. पेल्यातून वर येऊन टेबलावर पसरत होती.

हेक्टर डोळे मिटून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर मनुका होत्या, दुसरं काही नाही.

एफीने एकदा वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

तिच्या कपाळावर आठी पडली.

“मला वास आला होता,” डोलिना म्हणाली.

हेक्टरने डोळे उघडले. “डोलिना!”

“त्या दिवशी. इथे बसले होते. लोकर जळतेय हे मला कळलं होतं, एफी. मला वाटलं, पेल्यात आहे. मी बोलले नाही. सगळ्यांचं होईपर्यंत गप्प बसले. मला… मला बरं वाटलं होतं, की मला एकटीलाच सापडला.”

एफीने पेला खाली ठेवला नाही. तो नाकाशी तसाच धरून ती टेबलाकडे बघत राहिली.

“या टेबलाला तेव्हा पॉलिश केलं होतं का?” तिने विचारलं.

केलं होतं. झाडणाऱ्या बाईने आदल्या दिवशी मेण लावलं म्हणून हेक्टर सकाळभर आदळआपट करत होता.

“मेणाचा वास आहे. ओला रेनकोट आहे कुणाचा तरी. आणि आल्याचं बिस्किट.” तिने पुन्हा श्वास घेतला. “इथे आल्याचं बिस्किट कोण खातं? तुम्ही तर मला केक आणू देत नाही.”

ग्लासगोच्या पाहुण्याने खाल्लं होतं. खिशातून हळूच काढून, पेले यायच्या आधी. हेक्टरने भुवया चढवल्या होत्या. ही गोष्ट खोलीबाहेर कधी गेली नव्हती.

“एफी, त्यात मनुका आहेत,” हेक्टर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “नुसत्या मनुका आहेत गं.”

“मला सगळे म्हणाले, तो वाट चुकला.” एफी शांतपणे बोलत होती, बाटलीवर लेबल सरळ बसतंय ना ते बघावं तशी. “अंगणाचं दार डावीकडे. ऑफिस डावीकडे. आणि तो उजवीकडे कसा गेला, तुमच्या जिन्याखाली कसा सापडला? भोवळीत समजलं नसेल, म्हणाले. मी वर्षभर तेच धरून बसले होते.”

ती डोलिनाकडे वळली. डोळे कोरडे होते.

“तो चुकला नव्हता, डॉली. त्याला या खोलीचा वास येत होता. वर माणसं आहेत, हे त्याला कळलं होतं.”

डोलिनाने आपला पेला खाली ठेवला. एवढे दिवस जे शब्द जुळवले होते ते सगळे वापरून झाले होते.

एफीने पेला टेबलावर ठेवला. वास कोंडावा म्हणून प्रत्येक पेल्यासोबत काचेची छोटी चकती असते. ती तिने कुणीही न सांगता उचलली आणि निजलेल्या पोरावर पांघरूण घालावं तशी हळूच पेल्यावर ठेवली.

तिघे त्या चकतीकडे बघत बसले.

कुणाच्या श्वासाने काच धुरकटावी तशी ती आतून धुरकट झाली. मग निवळली.

पुन्हा धुरकट झाली.

हेक्टरचा हात टेबलाच्या कडेवर होता. डोलिनाचा मांडीवर. एफीने दोन्ही हात जोडून हनुवटीखाली धरले होते. खाली अंगणात नवा माणूस मांजराशी काहीतरी बोलत होता. त्याला हाक मारता आली असती. खिडकी हाताच्या अंतरावर होती.



चकती धुरकट होत होती आणि निवळत होती. दर वेळी आधीच्यापेक्षा थोडी उशिरा.