मागच्या सीटवर अडकलेली आत्या

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नका. पण एका गाडीच्या मागच्या दाराने एकाच दुपारी दोन लग्नं लावली. गाडी इतकी जुनी की वळणावर स्टीअरिंग आधी विचार करायचं, मग वळायचं.

गाडी होती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या एका मुलीची. लोकांना दिवसभर "इकडे बघा, तिकडे बघा" सांगणारी ही पोरगी; पण कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने नुसतं वर पाहिलं, की हिची नजर थेट टायरवर! मागच्या दाराचं लॉक अडकलं म्हणून पहिल्यांदा तिथे गेली, तेव्हापासून ते लॉक अडकतच होतं.

आज मात्र दारामागे तिची आत्या होती. आत्याला बसवून दार लावलं, ते "टक्"ऐवजी "खट्" वाजलं. भाचीने गाडी तशीच गॅरेजकडे पिटाळली. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय पट्ट्यात ताठ; पुढच्या सीटवर चढून तिकडून उतरणं अशक्य. दुसऱ्या बाजूचं दार ठोकर बसल्यापासून कायमचं मिटलेलं. आणि अर्ध्या तासात विवाह नोंदणीचं ऑफिस बंद होणार होतं. तिथे आत्याचा नवरदेव थांबला होता. देखणा, रुबाबदार माणूस. "आज आली नाहीस तर समजेन, मन बदललं," असं बजावून गेलेला.

"हँडल ओढा!" गॅरेजवाला काचेपाशी ओरडला.

"ओढतेच आहे. आता हातात येईल माझ्या!"

त्याने बाहेरचं हँडल ओढलं. ढिम्म. घाम पुसताना त्याच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला... भाचीने तो पाहिला, आणि अशा वेळीही पाहिला म्हणून स्वतःवरच चिडली.

"आत काहीतरी अडकलंय. काय ते कळेना. पत्रा कापावा लागेल."

"किती वेळ?"

"संध्याकाळ होईल."

आत्याने अर्ध्या काचेतून नाक बाहेर काढलं. "पत्रा काप नाहीतर मला काप बाबा, पण लवकर!"

आत काय आहे ते भाचीला ठाऊक होतं. सांगावं तर लाजेने मेल्यासारखं होणार. न सांगावं तर आत्याचं लग्न —

"स्क्रू आहे," ती पुटपुटली.

"कसला?"

"चष्म्याच्या दांडीचा. काचेच्या फटीतून... पडला."

"आपोआप?"

"नाही. टाकला. मीच. काल. दार बिघडल्याशिवाय इथे यायचं तरी कसं?"

पान्हा त्याच्या हातून निसटून पायावर पडला. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता बघत राहिला — आणि या खेपेस तिने टायर शोधला नाही.

"मग आतलं हँडल का चालत नाही?" आत्याने आतून विचारलं. "त्यातही हिचाच स्क्रू?"

गॅरेजवाल्याचे कान तांबडे झाले. "तिथली क्लिप... मागच्या खेपेला मी सैल ठेवली. ह्या परत याव्यात म्हणून."

"आणि त्याच्या आधीच्या खेपेला?"

"तेव्हाही."

"गाढवांनो!" आत्या कडाडली. "हिने बाहेरून बिघडवलं, तू आतून, आणि मधल्या मध्ये मी! प्रेम नंतर करा, आधी मला काढा!"

त्याने जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून फटीतून सोडलं. दोरी तिच्या हातात, बॅटरी त्याच्या. खांद्याला खांदा.

"हळू... अजून खाली... दोरी थरथरतेय तुमची."

"तुम्ही लांब व्हा, मग नाही थरथरणार."

"लांब झालो तर उजेड कोण दाखवणार?"

टिक्! स्क्रू वर आला. हँडल हललं. दार उघडलं.

मग काय विचारता! गाडी अशी सुटली की चाकं जमिनीला लागलीच नाहीत. सिग्नल आपणहून हिरवे झाले. ऑफिसातले साहेब कुलूप लावत होते, तर आत्याने दारात कुबडी आडवी घातली. नवरदेव डोळ्यांत प्राण आणून उभा होता. आत्याने सही ठोकली. आणि त्याच टेबलावर, त्याच पेनाने, भाचीने आणि गॅरेजवाल्यानेही आपल्या लग्नाच्या —

"खोटं!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "साक्षीदार म्हणून सह्या केल्या त्यांनी! लग्नाला हो म्हणायला माझ्या भाचीने पुढे वर्ष लावलं. आणि डोळ्यांत प्राण कसले हो? बाकावर तोंड उघडं टाकून घोरत होतात. मीच गदागदा हलवून उठवलं तुम्हाला!"