भुरीच्या खोपडीचं दार

बसा, आणि मधेमधे "मग?" म्हणून टोकू नका. ही गोष्ट महागूने मला स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि महागूला थाप मारता येत नसे. त्याला धड बहाणासुद्धा जमत नसे. काम टाळायचं असलं की सरळ म्हणायचा, उद्या करतो.

अडुसष्ट सालची पौषातली अमावास्या, सोमवार. वारासिवनीपासून तीन कोसांवर आमचं गाव. दिवस बुडताना महागू खळ्यावर गेला आणि धानाच्या तणसाचे दोन भारे डोक्यावर घेऊन आला. घरामागचे बांबूचे तट्टे काढले, खुंट्या तासल्या, आणि कंदील जवळ ठेवून अंगणात कामाला बसला. त्याला कुत्रीसाठी खोपडी करायची होती, आमच्याकडे खोपट्याला खोपडी म्हणतात.

कुत्रीचं नाव भुरी. ती कोणाचीच नव्हती, पण महागूची बायको दुर्गाबाई तिला शिळा भात घालायची, म्हणून ती तिथेच पडून असायची. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. मार्गशीर्षात भुरीला चार पिल्लं झाली, आणि तेव्हापासून दुर्गाबाईने टुमणं लावलं.

"अजी, भुरीले एखादी खोपडी करून द्या ना. पिल्लं कुडकुडून राह्यले."

"उद्या करतो."

"काल बी उद्याच म्हणत होते."

"मी का कुत्र्याचा मिस्त्री हावो?"

"तनीस घालजा आत. पोतं नोको. पोतं ओलं झालं का पहाटे बरफ होते."

असा थट्टेवारीत महिना गेला. रात्री पिल्लं केकाटली की दुर्गाबाई उठून अंगणात जायची, त्यांना पदराखाली घेऊन बसायची. महागू गोधडीतूनच म्हणायचा, "अवो, घरात ये," आणि कूस बदलायचा. एका पहाटे ती खोकत आत आली. अंगात ताप चढला, छाती भरली. चौथ्या दिवशी गेली.

त्या सोमवारी तिचा दहावा होता. नदीवर पिंड ठेवला. कावळे आले, झाडावर बसले, पण पिंडाला शिवेनात. बाईचं मन कशात तरी अडकलं म्हणून लोक एकेक बोलू लागले. तिचा भाऊ चैतराम हात जोडून म्हणाला, "बाई, तुया नवऱ्याले आम्ही उपाशी नाही ठेवू." कावळा हलला नाही. "तो दुसरी बायको करनार नाही." हे त्याने महागूला न विचारताच सांगून टाकलं. तरी नाही.

महागूला ठाऊक होतं. एवढंच म्हणायचं होतं, भुरीले खोपडी करून देतो. पण भोवती पंचवीस माणसं उभी होती. बायको मेली आणि हा कुत्रीचं घर बांधतो म्हणून हसतील, असं त्याला वाटलं. तो खाली मान घालून उभा राहिला. दुपार कलल्यावर म्हाताऱ्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आले. त्या लाजेचं त्याला जन्मभर वाईट वाटलं.

म्हणून त्याच रात्री त्याने काम काढलं. खाली दगडांवर फळी, फळीवर हातभर तणस. भिंती दुहेरी, दोन तट्ट्यांच्या मधे तणस ठासून भरलेलं. वर उतरतं छप्पर. दार कुत्री जेमतेम शिरेल एवढंच. ते कोणत्या बाजूला ठेवावं, इथे तो थबकला. आपण दक्षिणेला दार करत नाही, ती यमाची दिशा. त्यात दहा दिवसांपूर्वी याच अंगणातून तिरडी उठलेली. पिल्लांवर पुन्हा ती नजर नको म्हणून त्याने दार उत्तरेला केलं.

अकराच्या सुमाराला भुरीने हुंगून पाहिलं. मग एकेक पिल्लू तोंडात धरून आत नेलं. महागू घोंगडी घेऊन ओट्यावर बसला. "केली बाप्पा," तो अंधाराला म्हणाला. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कंदील विझला होता. वारं सुटलं होतं. उत्तरेचं. थेट खोपडीच्या दारावर.

आणि खोकला ऐकू आला.

खोपडीपाशी. हळू. दाबून धरलेला...

महागूने कानावरची घोंगडी बाजूला सारली. भुरी भुंकली नाही. आत तिची शेपटी तणसावर आपटत होती. थप. थप. तशी ती एकाच माणसासाठी हलवायची.

पुन्हा खोकला.

"अवो..."

महागू अंधाराकडे तोंड करून पुन्हा बोलला.

"घरात ये..."

हे तो महिनाभर गोधडीतून म्हणाला होता. आज उठायला गेला. ओट्याच्या कडेशी येऊन पुन्हा बसला.

"चुकलं मायं. नदीवर बोलाले पायजे होतं... लाज वाटली मले..."

खोकला थांबला. शेपटी थांबली. नुसतं वारं. महागू उजाडेपर्यंत तिथेच बसून रडला.

सकाळी त्याने मला हाक मारली. मी शेजारीच राहायचो. "पाहाले चाल," एवढंच म्हणाला. दव असं पडलं होतं की कौलं ठिबकत होती, त्याची घोंगडी पिळावी इतकी भिजली होती, सगळं अंगण ओलं. फक्त खोपडीच्या दारासमोर एक जागा कोरडी होती. बाईमाणसाने गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजावं एवढी, दाराला बरोबर आडवी. भोवतीच्या ओल्या मातीत ना येणारं पाऊल, ना जाणारं.

महागूने वाऱ्याची बाजू उघडी सोडली होती. ती पुन्हा दुर्गाबाईनेच अंगावर घेतली. हे त्याला माझ्याआधी कळलं.

मी खोपडीत हात घातला. पिल्लं गाढ झोपलेली, चुलीजवळ ठेवल्यासारखी ऊबदार. मग त्या कोरड्या जागेवर तळहात टेकवला. ऊन चांगलं वर आलं होतं.

माती हात बधिर होईल इतकी गार होती.