पापण्यांवरची चंदेरी पूड

वारा सुटला आणि मला कळलं, त्या खोलीत मी एकटी नव्हते!

आमच्या कारखान्यात आत जायचं तर आधी त्या कपाटाएवढ्या खोलीत उभं राहायचं. चारी बाजूंनी वारा सुटतो, हात वर करून गिरकी घ्यायची, म्हणजे अंगावरची धूळ झडते. एकेकानं जायचा नियम. पण हा धांदरट माणूस दार मिटता मिटता घुसला होता. नखशिखान्त पांढरा पोशाख, तोंडावर मास्क... दिसत होते फक्त डोळे. हसरे, मेले!

"नाचता छान," तो म्हणाला.

"आणि तुम्ही पाय छान तुडवता!"

छातीवर नाव होतं – कुरामोची. तोयामाच्या कारखान्यातून बदलून आलेला, मालातले दोष शोधणारा इंजिनिअर. त्याची जेवणाची पाळी वेगळी, त्यामुळे चेहरा काही दिसेना. पण रोज सकाळी माझ्याच वेळेला दाराशी हजर.

"आज पण उशीर?"

"नाही... आज मुद्दाम."

आता तुम्हीच सांगा, समोरच्याला आपले डोळेच तेवढे दिसत असतील तर मुलगी काय करेल? पापण्यांवर जराशी चंदेरी पूड लावायला लागले मी. आत मेकअपला सक्त मनाई. पण इतकुशी... कोणाला कळतंय?

कळलं! आम्ही फोनसाठी चाळण्या बनवतो, हवेतल्या शंभर रेडिओलहरींतून हवी तेवढीच पुढे सोडणाऱ्या. स्फटिकाच्या चकतीवर धातूच्या फण्या असतात, दात केसाहून बारीक. दोन दातांत कण अडकला की चाळणी मेली. एका सकाळी सगळे पोशाख चढवून उभे असताना आमच्या प्रमुख शिबाताबाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. फणीत अडकलेला चमचमता कण.

"अभ्रक आहे. कोणाच्या तरी मेकअपमधलं," बाई कडाडल्या. "सगळी खेप फुकट! ज्यानं केलं, तो आजपासून आत नाही."

आत काम मिळावं म्हणून किती मिनतवाऱ्या केल्या होत्या मी! चोराच्या मनात चांदणं, सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटायला लागलं. तरी तोंड उघडलं, "बाई, मी–"

"चूक माझी आहे," कुरामोची म्हणाला.

मी गर्रकन वळून पाहिलं.

"तुम्ही पापण्या रंगवता?" बाईंचा आवाज चिरकला.

"नाही. पण ती चमक मला पहिल्याच दिवशी दिसली होती. दोष शोधणं माझं काम. सांगायला हवं होतं..." त्यानं नजर खाली वळवली. "नाही सांगितलं. बघायला आवडत होतं."

कोणीतरी खोकलं. "मी लावत होते!" म्हणत कमरेत वाकले, तेवढ्यात तोही वाकला आणि आमची टाळकी आपटली.

"अगं बाई!" शिबाताबाईंनी डोक्याला हात लावला. "दोघंही बाहेर! उन्हाळ्यापर्यंत पॅकिंगला!"

पॅकिंगच्या खोलीत मास्क लागत नाही. मी चेहरा खसाखसा धुऊन आले होते, मान वर करायची हिंमत होईना. शेवटी केली. हनुवटीवर वस्तऱ्याचा ओरखडा, पुढचा एक दात किंचित वाकडा. इश्श, हा असा दिसतो!

"आज काहीच लावलेलं नाही," मी पुटपुटले.

तो बघतच राहिला. "मला वाटलं होतं... चमक त्या पुडीची आहे."

"मग?"

"दुसरी चूक झाली माझी."

"तिसरी व्हायच्या आत," मी म्हटलं, "संध्याकाळी गरमागरम ओदेन खायला चला, असं म्हणा मला."