फिनाईल आणि गुरुवार

आमोद पहिल्यांदा आला तेव्हा ओवीच्या हातात बांबू होता आणि नाकावर घट्ट ओढणी. बुधवार पेठेतल्या तिच्या घरच्या खानावळीच्या गटाराचं चेंबर तुंबलं होतं, आणि खराडीच्या एका छोट्या कंपनीतून हा उंच मुलगा निळा कॅन घेऊन हजर झाला होता.

"यात काय, अ‍ॅसिड?"

"जिवाणू. तेलतुपाचा थर खातात. फक्त फिनाईल टाकू नका, मरतील बिचारे."

"रविवारी संध्याकाळी आम्ही बंद असतो. सांगून ठेवा त्यांना."

तो हसला. तुंबलेल्या चेंबरपाशी उभं राहून इतकं छान कुणी हसतं...? ओवीने नाकावरची ओढणी काढली, आणि लगेच पस्तावली.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. नमुना घ्यायचा, जिवाणूंचं कल्चर ओतायचा, पायरीवर बसून ताक प्यायचा आणि "तुमची मंडळी मजेत आहेत" असं सांगून जायचा. चेंबर खळखळ वाहू लागलं. ओवी गुरुवारी हिरवा कुर्ता घालू लागली.

आणि मग समोरच्या फरसाणवाल्यांनीही तेच कल्चर घेतलं. तिथे गल्ल्यावर ऋतिका बसायची. आमोद तिथे मंगळवारी जायचा, शुक्रवारीही जायचा. ती कचोरी पुढे करायची, तो खायचा, आणि वर हसायचा – तेच हसू! ओवीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या गटाराला दोन वार, आणि माझ्या एकच? सरळ सांगायचं तर पोरगी एका गटाराच्या हेव्याने जळत होती.

उपाय मोरीतच सापडला. सलग चार दुपारी तिने चेंबरमध्ये फिनाईलची एकेक बाटली रिकामी केली. चेंबर तुंबलं. आमोद गुरुवारखेरीज सोमवारी आला, बुधवारी आला, शनिवारीही आला. ओवीने समोरच्या गल्ल्याकडे बघत मुद्दाम केस सारखे केले.

पण शनिवारी त्याने ताकाला हातही लावला नाही.

"नमुन्यात एकही जिवंत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं खपून वाढवलंय हे कल्चर. सोमवारी कंपनीतल्या सरांना तुमचंच चेंबर दाखवणार होतो. आता ते हे कामच बंद करतील."

बोललं तर हा उठून जाणार, कायमचा. गप्प बसलं तर त्याची दोन वर्षं पाण्यात.

"मी फिनाईल ओतलं," ती म्हणाली. "चार बाटल्या."

"... का?"

"तिकडे दोनदा जाता. इकडे एकदाच. म्हणून."

आमोदने चेंबरचं झाकण सरकवून बसवलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तिकडे दिवसभर कढया उकळतात, ओवी. दोनदा जावंच लागतं."

"आणि आमच्याकडे?"

"तुमच्या चेंबरला... महिन्यातून एकदा पुरतं."

तीन महिन्यांत त्याचा एकही गुरुवार चुकला नव्हता.

"मग कंपनीत काय सांगतोस?"

"काही नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकतो."

"आणि सरांना... काय सांगशील?"

"ग्राहकाने फिनाईल ओतलं, कल्चरचा दोष नाही. का ओतलं, ते मी सांगणार नाही."

ती उठली, मोरीतली उरलेली बाटली आणून त्याच्या हातात दिली.

"ही घेऊन जा," ती म्हणाली. "आणि मंगळवारी तिकडे कचोरी खायची नाही."