मथुराबाईचा आंबा आणि दुसरी टाकी

दाजींना त्यांच्या आवशीच्या आंब्याच्या काड्या हव्या होत्या, आणि त्या हिरव्या असेपर्यंतच हव्या होत्या. मोहिमेचं कारण एवढंच!

सह्याद्रीच्या पोटातल्या धारवाडीत मथुराबाईंनी, म्हणजे दाजींच्या आईनं, कोय पुरून ते झाड वाढवलं होतं. शाळा आणि रस्त्यापायी वाडी कधीच खाली उतरली. वर घरांची जोती तेवढी उरली. झाड मात्र दर वर्षी फळत राहिलं. पातळ सालीचा आणि किंचित ओव्याच्या वासाचा तसला आंबा दाजींनी दुसरीकडे कुठेही खाल्ला नव्हता. आणि आता ऐन जानेवारीत, पायथ्याच्या गावातून परशुरामचा फोन आला, "दाजी, हत्तीन झाड पाडल्यान!"

पाडलेल्या झाडाची पानं अजून ताजी होती. काड्या सुकायच्या आत त्या कसालजवळच्या आपल्या रोपवाटिकेत आणून दाजींनी कलमं बांधली, तर आवशीचा आंबा राहणार होता. नाहीतर संपलाच.

गाडी दाजींची, जुनी डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी. पण तिचा जीव आता त्यांच्या पुतणीच्या हातात होता. संचिता आयटीआयमध्ये पोरांना इंजिन शिकवायची. देवबागच्या खानावळी तळणीचं तेल खाडीत ओततात हे बघून तिचं डोकं फिरलं होतं, आणि वर्षभर खपून तिनं मागच्या बाकाखाली दुसरी टाकी बसवली. ती त्या तेलासाठी. टाकीत तांब्याची वळलेली नळी होती. तिच्यातून रेडिएटरचं गरम पाणी फिरे आणि घट्ट तेल पातळ होई.

"गाडयेचो वडो करतलंस गो!" दाजी तेव्हा कुरकुरले होते.

"आयका तरी. गाडी डिझेलार चालू करूची. इंजिन तापला की ह्यो दांडो तेलाकडे. आणि बंद करूच्या आधी परत डिझेलाकडे, म्हणजे नळये धुवन जातत. इतक्याच ध्यानात ठेवा."

त्यानंतर गाडी शंभरदा तेलावर पळाली. दाजी चारचौघांत कुरकुरत राहिले आणि एकटे असताना टाकीवरून हात फिरवू लागले.

निघायच्या आदल्या दिवशी देवबागहून राधाबाईंच्या खानावळीतलं गाळलेलं तेल आलं, ते बरंच कमी पडलं. दाजींना राहवलं नाही. आवशीच्या झाडाकडे जाणारी गाडी अर्धपोटी कशी पाठवायची? त्यांनी गुपचूप घरच्या घाण्याचं खोबरेल ओतलं. चांगला डबाभर!

पहाटे गाडी निघाली. इंजिन तापलं, संचितानं दांडा फिरवला, आणि मागून तळलेल्या बांगड्याचा खमंग वास सुटला. पहिल्याच गावातली सगळी कुत्री गाडीमागे धावली. दाजी खो खो हसले.

पायथ्याशी परशुराम चढला. तो वनखात्यासाठी हत्तींचा माग काढायचा; वर जायची परवानगी त्यानंच मिळवली होती. तिथून पुढे रस्ता म्हणजे नुसती आठवण. कारवीची झुडपं काचेवर आपटत होती, चाकाखालची माती खाली घरंगळत होती, आणि एका वळणावर तर उजवं मागचं चाक दरीच्या काठावर हवेत फिरलं! दाजींनी डोळे मिटून घेतले. संचितानं ते उघडेच ठेवले आणि गाडी इंच इंच वर काढली. पुढे नदी आडवी आली. पाणी गुडघाभर, तळाशी मात्र मोठाले गोटे. मध्यावर खालून खाडकन आवाज झाला, पण गाडी पार झाली.

धारवाडीत पोचेतो ऊन कलंडलं होतं. झाड आडवं पडलं होतं. दाजींनी खोडाला हात लावला आणि त्यांना रडू आलं. डोळे पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. मग बसून त्यांनी फुगीर डोळ्यांच्या काड्या काढल्या. एक पेंडी ओल्या गोणपाटात बांधून गाडीत ठेवली, दुसरी मोठी पेंडी सकाळी आणखी भर घालायला म्हणून बुंध्याशीच ठेवली.

तिकडे संचितानं गाडी बंद करण्यापूर्वी दांडा डिझेलकडे फिरवून ती बराच वेळ चालू ठेवली.

"पुरे गो, थांबली ना गाडी," दाजी म्हणाले.

"नळये धुवक व्हये, काका."

सकाळी थंडीनं दात वाजत होते. दाजींना आधी मातीतून डिझेलचा वास आला. नदीतल्या गोट्यानं डिझेलच्या टाकीला चीर पाडली होती. रात्रभर थेंब थेंब गळून ती कोरडी झाली होती. संचितानं दुसऱ्या टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि सावकाश वळून दाजींकडे बघितलं. आत पांढरंशुभ्र, घट्ट गोठलेलं!

"ह्यां देवबागाचा तेल न्हय."

"माझ्या हातान चूक झाली गो." दाजी म्हणाले. "तेल कमी होता, म्हणान मिया घरचा खोबरेल ओतलंय."

थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची, हे आयुष्यभर केलेला माणूस! या दरीत तर ऊन दुपारशिवाय उतरत नव्हतं. आणि पायी उतरायचं तर त्यांच्या गुडघ्यांना दोन दिवस लागले असते, तोवर काड्यांची लाकडं. परशुरामला एकट्याला पुढे धाडून हत्तीच्या रानात मागे राहणंही धोक्याचं होतं. आपल्या मायेनंच आवशीचा आंबा घालवला, असं वाटून दाजी मटकन खाली बसले.

संचितानं बाह्या वर सारल्या.

"काका, उठा. आग पेटवा, टोप ठेवा. नळयेत आणि फिल्टरात कालचा डिझेल आसा. एकदा चालू होईल. फक्त एकदाच!"

टाकीचं तोंड तिनं हात जाईल एवढं रुंद ठेवलं होतं. करवंटीनं तिनं गोठलेलं तेल खरवडून काढलं, दाजींनी ते टोपात वितळवलं आणि आपल्या पंच्यातून गाळलं. कढत तेल परत टाकीत गेलं. नळ्यांना गोणपाट गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतणं चालू होतं, एवढ्यात परशुराम कुजबुजला, "हलू नकात. इलो तो."

पडलेल्या झाडाच्या पलीकडे कारवी हलली. मग दोन सुळे दिसले. मग हत्ती!

तो सरळ आंब्याकडे आला. सोंडेनं त्यानं एक फांदी मोडली. बुंध्याशी ठेवलेली पेंडी त्याच्या पायाजवळ होती. दाजींचं पाऊल आपोआप पुढे पडलं.

"काका!" संचितानं त्यांचा दंड धरला. "एक पेंडी गाडयेत आसा. तितकी पुरे. बसा!"

दाजी आणि परशुराम गाडीत बसले. हत्तीनं कान पसरले. संचितानं किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा घरघर. हत्ती चार पावलं पुढे आला! तिसऱ्यांदा इंजिननं धक्का दिला आणि ते पेटलं!

ती दांड्यावर हात ठेवून नुसती ऐकत होती. उरलेलं डिझेल संपत आलं, इंजिन अडखळलं, आणि त्याच क्षणी तिनं दांडा फिरवला. धूर! इंजिन खोकलं. बुडालं. मरणार! तिनं पाय दाबूनच ठेवला. आणि मग दुसऱ्या टाकीचं गरम तेल पोचलं. गाडीनं एकदम सूर धरला.

तळलेल्या बांगड्याचा आणि खोबरेलाचा ढग दरीत पसरला. हत्तीनं सोंड वर केली, भरपूर वास घेतला आणि तसाच उभा राहिला. तेवढी उसंत पुरली.

"आता बंद करूची नाय!" संचिता ओरडली. "घराकडेच!"

नदी, दरीचा काठ, कुत्र्यांचं गाव, सगळं मागे पडलं. परशुराम पायथ्याशी चालत्या गाडीतूनच हळूच उतरला होता. रोपवाटिकेच्या अंगणात गाडी थडथडत उभी राहिली. संचिता शेजाऱ्याकडून डिझेल आणून नळ्या धुवायच्या खटपटीला लागली, आणि दाजी पेंडी उराशी धरून कलमं बांधायला बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पुष्कळशी कलमं वाळली. दाजी रोज सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसत. शिमगा उरकल्यावर एक दिवस चार पिशव्यांमध्ये तांबूस, लुसलुशीत पालवी दिसली. त्यांनी एका पानाचा कोपरा चुरगळून नाकाशी धरला. ओवा!

त्या संध्याकाळी ते संचिताच्या दारात उभे राहिले. एका हातात कलमाची पिशवी, दुसऱ्या हातात घरच्या खोबरेलाची बाटली.

"ह्या कलम तुझ्या दारात लाव. आणि ह्या तेल..." ते अडखळले, मग हसले. "टाकयेत घालू नको हां. ह्या तुझ्या केसांका."